बाळगोळी

"वर नको येऊ. तिथंच पायरीवर ठेव," डाक्टर म्हणला.

पायरीवर लोकांच्या वहाणा पडल्या व्हत्या. त्या बाजूला सारून मी माझी लेक तिथं निजवली. सेलूचा दवाखाना, भर बाजाराचा दिवस. निजामाचं राज्य. आमी म्हारवाड्यातले. डाक्टर वसरीवर खुर्चीतच बसून राह्यला. खाली उतरला न्हाई, वाकला न्हाई.

मी म्हणलं, "सायेब, माझ्या चुलत जावंचं लेकरू हिच्या मागून झालं, ते रांगायलंय. ही बसंना. मान धरंना. हाक मारली तर बघंना."

"ऐकू येतं का बघू," म्हणून त्यानं तोंडानं आवाज काढला. "यू... यू... यू..."

कुत्र्याला बोलवत्यात तसा. वसरीवरची माणसं खोखो हसली. एक बाई तोंडाला पदर लावून हसली, मांडीवर तिचं गुटगुटीत पोर. माझ्या लेकीची पापणी हालली न्हाई.

"खुळी आहे. अशीच राहणार. आणि बसायला शिकून हिला कुठं कचेरीत जायचंय? घेऊन जा."

माय गं! वाटलं, धरतीनं दोघींला पोटात घ्यावं. लेक उचलली आन आले.

नवरा पटकीनं गेलेला. घरात सासू, मी आन ही. मी जिनिंगमदी कापूस निवडायची. शेडच्या कोपऱ्यात आमा बायांची लेकरं वळीनं निजायची. सकाळी भोंगा झाला की मुकादमीण डबी घेऊन यायची, एकेकाच्या तोंडात बोटानं काळी गोळी सारायची. बाळगोळी. अफूची. लेकरू रडलं की आई उठती, आई उठली की शेठचं काम बुडतं. "बाळसं धरत्यात गं," म्हणायची. आता बाळगोळी काय, दात येताना आमच्या घरातबी देत्यात. मोहरीएवढी, एखांद्या दिशी. इथं रोज. हंगामात खाडा न्हाई.

मंग शेठच्या घरी लगीन निघालं. जिनिंग बंद. गोळीबी बंद.

लेक रडायला लागली. रडून रडून निळी पडायची, आंग थरथर कापायचं. सासू म्हणली, "बाहेरचं हाय." मला वाटलं, मरती आता. देवाला म्हणलं, खुळी तर खुळी, पण ऱ्हाऊ दे मला. मंग हळूहळू रडणं उतरलं. एका सकाळी मी भाकर थापायले, बांगड्या वाजल्या, आन तिनं मान वळवली. माझ्याकडं बघितलं. मी पुन्ना हात हालवला. पुन्ना बघितलं! तव्यावरची भाकर जळून गेली. मी तिथंच बसून हंबरडा फोडला.

दुखणं म्हशीला आन डाग पखालीला. आमी पायाला तेल चोळायलो, आन इख त्या गोळीतून तोंडात जायलं. तो डाक्टर नुसता वाकला असता, डोळा उघडून बघितला असता, "काय खाती गं ही?" इचारलं असतं, तरी त्याला कळलं असतं. पण शिवायचं न्हाई ना! त्याचं सोवळं राह्यलं. माझी लेक निजूनच राह्यली.

जिनिंग सुरू झालं. मुकादमीण डबी घेऊन आली. मी लेकीच्या तोंडावर हात धरला.

"हिला न्हाई द्यायची."

"रडंल की. मंग काम कोण करंल, तुझा बाप?"

"रडू दे. तिला तोंड हाय."

तिनं लेकीचं गालफाड धरलं. मी डबी हिसकली आन सरकीच्या ढिगात भिरकावली. फाटकावरच्या जमादारानं मला दंडाला धरून फाटकाबाहेर ढकललं. बाहेर काढताना बरा शिवला मला!

सासूनं कपाळावर हात मारला. "आगं, आता खायचं काय?" मला ठाऊक न्हवतं. लेक बसंल का न्हाई, तेबी ठाऊक न्हवतं. किती इख गेलं आन त्यानं काय जाळलं, कुणी सांगावं?

पण एक ठरवलं. उद्यापून भोंग्याच्या वक्ताला मी फाटकावर उभी ऱ्हाणार, आत जाणाऱ्या एकेका बाईला सांगणार. आन बाजाराच्या दिशी त्याच दवाखान्यात जाणार. लेक वहाणांत ठेवणार न्हाई. वसरी चढणार, आन तिला त्या डाक्टरच्या मांडीवर ठेवणार. मंग बघू, कसा हात लावत न्हाई ते.