पोस्टातल्या काकू आणि मी

आमचं कॉल सेंटर बंद पडून आता बरीच वर्षं झाली. पण त्या वेळची आम्ही तीन-चार माणसं अजून महिन्यातून एकदा डेक्कनला चहाला भेटतो आणि दर वेळी एखादा विसरलेला किस्सा निघतोच. हे किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. स्वयंपाकघराच्या दारामागे प्लास्टिकच्या पिशव्या साठतात ना, तसे ते साठतात. एक ओढायला जावं तर चार बाहेर येतात.

आणि आमचा कुठलाही किस्सा शेवटी एकाच बाईपाशी येऊन थांबतो. ही बाई ऑस्ट्रेलियाची. तिकडच्या टीव्हीवरच्या एका मालिकेत तिने वीसेक वर्षं एकच काम केलं. आमच्यापैकी कोणी तिला कधी पाहिलेलं नाही, म्हणजे प्रत्यक्ष. तिचं नाव मी इथे सांगणार नाही. आधीच पुरेसं प्रसिद्ध आहे.

हो, मी जळते तिच्यावर. आधीच सांगून टाकलेलं बरं.

*

मी मूळची बँकेतली. बँकेत कॉम्प्युटर आले आणि आम्हाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. त्यातली स्वेच्छा बँकेची होती.

बँकेच्या नाट्यमंडळात मी बावीस वर्षं नाटकं केली. स्पर्धेतलं अभिनयाचं रौप्यपदक आहे माझ्याकडे. एकदा मुंबईला एका मालिकेच्या ऑडिशनलाही जाऊन आले. तिथल्या बाई म्हणाल्या, "छान. आम्ही फोन करतो." पुढे आमच्याकडचा फोन काळ्याचा लाल झाला, लाल जाऊन कॉर्डलेस आला, पण तो फोन काही आला नाही.

तर ऑस्ट्रेलियातल्या टेलिफोन ग्राहकांच्या तक्रारी पुण्यात बसून ऐकायच्या, असं एक कॉल सेंटर निघालं आणि तिथे मुलांचे उच्चार घासायला ट्रेनर हवा होता. मी अर्ज केला. श्वास कसा घ्यायचा, शब्द कुठे सोडायचा, सगळं तीन वह्या भरून लिहून नेलं. मॅनेजर साने एकोणतीस वर्षांचे. त्यांनी तिन्ही वह्या आदराने चाळल्या आणि म्हणाले, "मॅडम, सगळं क्लायंटने पाठवलंय. आपण फक्त टेप लावायची."

खोक्यात चाळीस व्हिडिओ कॅसेट होत्या. तिकडच्या साहेबाने म्हणे आपल्या आईला सांगितलं होतं, इथली एखादी मालिका रेकॉर्ड करून दे, भारतातल्या मुलांना आपलं बोलणं कानावर पडू दे. आई त्या नटीची भक्त! तिने फक्त तिचेच प्रसंग रेकॉर्ड केले. दुसरं कोणी तोंड उघडलं की टेप कट.

म्हणजे चाळीस कॅसेट आणि एक बाई. समुद्राकाठच्या छोट्या गावातल्या पोस्टात काउंटरमागे उभी राहून गावाला शहाणपण शिकवणारी. पोरांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं, पोस्टातल्या काकू.

"पॉज कुठे करायचं ते येतंय ना लक्षात, मॅडम?" सान्यांनी विचारलं. रौप्यपदकाचं हे असं झालं.

*

सहा आठवड्यांनी अठरा मुलांची बॅच तयार झाली. काय सुंदर बोलत होती सगळी! फक्त सगळी साठीच्या गावाकडच्या बाईसारखी बोलत होती. हे आमच्या कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण आम्हीही दुसरं काही ऐकलेलं नव्हतं.

निलेश गायकवाड हा वारज्याचा, सहा फुटी, रोज जिमला जाणारा. त्याच्या पहिल्याच कॉलला एक ट्रक ड्रायव्हर तीन दिवस फोन बंद म्हणून शिव्या देत होता. निलेशने सगळं ऐकून घेतलं आणि काकूंच्या मऊ सुरात म्हणाला, "तू आधी जरा बस बघू, बाळा. चहा घेतलास का सकाळपासून?" अर्थात हे सगळं इंग्रजीत. मी इथे मराठीत सांगतेय.

ड्रायव्हर गप्प झाला. मग रडायला लागला. त्याची बायको सोडून गेली होती. कॉल सहा मिनिटांत संपवायचा असा नियम होता, निलेशचा चाळीस मिनिटं चालला.

पुढे क्लायंटचा माणूस तपासणीला आला. हेडफोन लावून त्याने पाच-सहा कॉल ऐकले आणि हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "काम उत्तम आहे," तो म्हणाला. "पण तुमची सगळी मुलं माझ्या आत्यासारखी का बोलतात?"

साने माझ्याकडे बघायला लागले. "टेप मी निवडलेली नाही," मी म्हटलं.

*

आपण भारतातून बोलतोय हे ग्राहकाला कळू द्यायचं नाही, असा आमच्याकडे कडक नियम होता. भिंतीवरच लावला होता. कोणी विचारलं तर तिकडच्या एखाद्या गावाचं नाव सांगायचं. कुठलं, ते कोणी सांगितलं नव्हतं. पोरांना एकच गाव माहीत, काकूंचं. महिनाभर अठराच्या अठरा जण आपण त्या गावात बसलोय असं ठोकून देत होते. ते गाव फक्त मालिकेत आहे, नकाशावर नाही, हे आम्हाला कुठून कळणार?

एका म्हाताऱ्या ग्राहकाने प्रज्ञाला विचारलं, "असं का? मग खिडकीतून बघून सांग, आपलं पोस्ट अजून निळंच आहे का?"

प्रज्ञा कांबळे म्हणजे आमच्या बॅचमधली सगळ्यात हुशार मुलगी. तिने खरंच मान वळवून खिडकीबाहेर बघितलं. बाहेर हिंजवडीचं मोकळं शेत, त्यात दोन म्हशी. ती म्हणाली, "निळंच आहे. पण रंगवायला झालंय."

आजोबा इतके खूश झाले की त्यांनी मुलीच्या घरासाठीही आमचंच कनेक्शन घेतलं. त्या महिन्याचं बक्षीस प्रज्ञाला मिळालं आणि स्टेजवर जाऊन तिने आभार मानले ते काकूंचे. रंगवायला झालंय म्हणण्याआधी अर्धा क्षण थांबायचं असतं, हे मी शिकवलं होतं. कोणाला आठवलं नाही.

*

तयारीसाठी मी कॅसेट घरी आणायचे. आम्ही शनिवार पेठेत राहतो. आमचे हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, सगळी नोकरी खडकवासल्याला. दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन पाण्याबद्दल. तेही टीव्हीसमोर येऊन बसायला लागले.

तिसऱ्या कॅसेटला म्हणाले, "बाई किती सहज बोलतात."

मी भाजी चिरायची थांबले. या माणसाने माझं प्रत्येक नाटक पाहिलंय. पदक मिळालं त्या दिवशी घरी येताना मी विचारलं होतं, कसं झालं? तर म्हणाले होते, "खुर्च्या कडक होत्या."

"अहो, ती अभिनय कुठे करते?" मी म्हटलं. "नुसतं काउंटरला फडकं मारत असते."

"हो, पण खरं मारते."

त्यानंतर आठवडाभर आमच्याकडचा ओटा त्यांनी पुसला. खरा.

*

खोक्याच्या तळाशी मासिकांची कात्रणंही निघाली. साहेबाच्या आईचीच कृपा. मी ती डिक्शनरी घेऊन वाचली. काहीतरी वाईट सापडेल या आशेने वाचली, खोटं कशाला सांगू.

सापडलं ते असं. मालिकेत पोस्टातली बाई मुळात दुसरीच नटी करायची. तिचा पाय मोडला म्हणून हिला सहा दिवसांसाठी घेतलं. सहा दिवसांत लोकांना ही आवडली. त्या पहिलीचा पाय बरा झाला, पण काम परत मिळालं नाही. हा परिच्छेद मी दोनदा वाचला. ती पहिली मला फार जवळची वाटली.

पुढे लिहिलं होतं की नवरा सोडून गेल्यावर हिने दोन मुलं एकटीने वाढवली. मोठी नाटकं करायची इच्छा होती, पण तिला दुसरं काम द्यायला कोणी तयार होईना. कारण लोक तिला खरंच पोस्टातली समजायचे. दुकानात, दातांच्या दवाखान्यात, कुठेही लोक तिच्या हातात पत्र द्यायचे, तेवढं टाका म्हणून. आणि ती नेऊन टाकायची.

मी कात्रण मिटलं. बावीस वर्षं स्टेजवर उभी राहिले, मंडईतला भाजीवाला ओळखून कोथिंबिरीची एक काडी जास्त देत नाही. आणि हिच्या हातात लोक आपली खाजगी पत्रं देतात!

*

मग मालिकेने काकूंना मारलं. साहेबाच्या आईने मागाहून आणखी एक खोकं पाठवलं होतं, त्यातली शेवटची कॅसेट मी सगळ्यांसमोर लावली आणि कोणाला काही कळायच्या आत काकूंनी पत्रं लावता लावता काउंटरवर डोकं टेकलं. पत्रं खाली पडली. टेप संपली.

वर्गात हुंदके सुरू झाले. निलेश उठून बाहेर गेला. सान्यांनी अर्ध्या तासाची सुट्टी दिली. प्रज्ञाने काकूंचा कात्रणातला फोटो बोर्डावर लावून खाली मोगऱ्याची फुलं ठेवली. दोघांनी हाफ-डे मागितला आणि त्यांना तो मिळाला.

"मॅडम, तुम्हाला काहीच नाही वाटलं?" प्रज्ञाने विचारलं.

"वाटलं ना. डोकं टेकायला फार वेळ घेतला," मी म्हटलं.

घरी जाताना मी पाव किलो पेढे घेतले. ह्यांनी विचारलं, हे कशाचे? मी म्हटलं, सहज. त्यांनी एक पेढा तोंडात टाकला, सावकाश संपवला आणि विचारलं, "कोण गेलं?"

*

आता शेवटचा. हा मी आमच्या चहाच्या टेबलावरही पूर्ण सांगितलेला नाही.

काकू जाऊन दोनेक महिने झाले असतील. एव्हाना सान्यांनी मला सुपरवायझर केलं होतं. सकाळी सातच्या सुमाराला निलेश जागेवरून उठून उभा राहिला. चेहरा पांढराफटक.

"मॅडम, लाइनवर काकू आहेत."

"कुठल्या काकू?"

"पोस्टातल्या."

"अरे, त्या वारल्या ना?"

"मला पण तेच वाटलं," निलेश म्हणाला. "त्यांचा फोन चार दिवस बंद आहे. शेजाऱ्यांकडून बोलतायत. माझ्याशी बोलता बोलता एकदम थांबल्या आणि म्हणाल्या, तुझ्या वरचं कोण असेल त्याला दे."

मी हेडफोन लावला. या बाईला काय काय सुनवायचं ते माझं दोन वर्षांपासून पाठ होतं. पण तो आवाज टीव्हीतून न येता सरळ माझ्या एकटीच्या कानात आला आणि मला त्यातलं एक वाक्य आठवेना.

"फोनचं नंतर बघू," ती म्हणाली. "या मुलाला बोलायला कोणी शिकवलं?"

तुम्हीच, असं म्हणता आलं असतं. खरं तेच होतं. "मी," मी म्हटलं.

ती म्हणाली, "पुन्हा बोला."

"मी शिकवलं. अठरा जणांना शिकवलं."

ती हसली. हे हसणं कुठल्याच कॅसेटमध्ये नव्हतं. मग सांगायला लागली. मालिकेत तिला मारलंय, पण पोस्ट तर चालू राहायला हवं. म्हणून तिची एक बहीण आणायची ठरली आहे. बहीण त्याच घरातली वाटली पाहिजे, म्हणून बायकांचे आवाज ऐकायला हिलाच बोलावतात. आत्तापर्यंत अकरा जणींना हिने नापास केलंय.

"खरं सांगू?" ती म्हणाली. "सगळ्या बऱ्या होत्या. माझ्या काउंटरमागे दुसरी बाई मला बघवत नाही."

मला तिचं म्हणणं इतकं कळलं की मी टेबलाची कड धरली.

"पण तुम्ही अगदी आमच्या घरातल्या वाटता," ती म्हणाली. "स्टेजवर काम केलंय कधी?"

"बावीस वर्षं," मी म्हटलं. "रौप्यपदक आहे."

"वाटलंच मला. गुरुवारी सकाळी मोकळ्या आहात का?"

समोर भिंतीवर नियम लावलेला होता. काचेपलीकडे साने बसले होते. निलेश आणि प्रज्ञा माझ्या तोंडाकडे बघत होते.

"आहे," मी म्हटलं. "किती वाजता येऊ?"

"दहाला या. दारावर माझं नाव सांगा, सोडतील."

तिने स्टुडिओचा पत्ता सांगितला. मी पॅडवर लिहून घेतला, पुन्हा वाचून दाखवला, रस्त्याचं स्पेलिंग विचारलं. मग तिच्या लाइनची तक्रार सगळ्यात वर टाकली आणि तासाभरात फोन चालू करून घेतला.

"मॅडम, काय म्हणाल्या?" निलेशने विचारलं.

"लाइन बंद होती," मी म्हटलं.

पदक घेताना नेसले होते ती साडी मी बुधवारी संध्याकाळी इस्त्रीला काढली. "उद्या काय आहे?" ह्यांनी विचारलं.

"फोन आला होता," मी सांगितलं.

तिकडचे दहा म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच. गुरुवारी मी रजा टाकली आणि साडेपाचला साडी नेसून, पावडर-कुंकू करून, बाहेरच्या खोलीत लाकडी खुर्चीवर बसले. पत्त्याचा कागद हातात होता. थोड्या वेळाने हे उठून आले. माझ्याकडे बघितलं, कागदाकडे बघितलं, काही न विचारता समोरच्या खुर्चीत बसले. सहा वाजून गेले तरी दोघंही उठलो नाही.

मग ते म्हणाले, "ही खुर्ची कडक आहे गं. तुला उशी आणू का?"