खंडेनवमीला बंद पडलेले मोठेबाबा

चहा येऊ द्या आधी. हा किस्सा कोरड्या घशानं सांगता येत नाही. आणि हसायचंच असेल तर शेवटपर्यंत थांबा राजेहो, कारण मधात हसण्यासारखं काही नाही. मधात मी फार वाईट वागलोय.

पवनीच्या शाळेत मी कॉम्प्युटर शिकवतो. नाव विलास, पण पोरं पाठीमागे मला 'लिनक्स सर' म्हणतात. काहून? तर "लिनक्स कधी बंद पडत नाही" हे वाक्य मी लग्नाच्या पंगतीतसुद्धा बोललोय. कोणी विचारलं नव्हतं. बायको तेव्हा मान खाली घालून भात कालवत होती.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. उभं आयुष्य हातमागावर गेलं. कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, साडीचा काठ विणताना कोणता धागा उचलायचा, कोणता सोडायचा, सगळं त्यांच्या डोक्यात. कागदावर जे होतं ते वाळवीनं खाल्लं. म्हणून गेल्या हिवाळ्यात मी त्यांना माझ्या टेबलाशी बसवलं, समोर माईक ठेवला आणि सगळे काठ त्यांच्या तोंडून रेकॉर्ड करून घेतले. "दोन उचल, एक सोड, चार उचल..." असं तासन्‌तास. यंदा पोळ्याच्या आधी ते गेले.

तेव्हापासून मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, रोज दुपारी मागच्या गल्लीतून माझ्या घरी यायची, हेडफोन लावायची आणि तासभर डोळे मिटून ऐकत बसायची. मी कधी काही विचारलं नाही. विचारणार तरी काय?

आता आमच्या विणकरांच्या घरची रीत ऐका. खंडेनवमीला मागाची पूजा होते. आडवा धागा नेणारा धोटा, धागे ठोकणारी फणी, सगळं पुसून हळदकुंकू वाहायचं आणि मग त्या दिवशी मागाला सुट्टी. दसऱ्याच्या सकाळी घरातल्या कर्त्या माणसानं काठाची गिणती मोठ्यानं बोलायची आणि पहिला धोटा टाकायचा. यंदा बोलणारा माणूसच नव्हता. मोठी आईनं मला आठ दिवस आधी सांगून ठेवलं होतं, "त्यायचाच आवाज लावजो बापू मागापाशी. धोटा मी टाकतो."

बस, एवढंच मागणं होतं तिचं. आणि तो आवाज जगात एकाच ठिकाणी होता, माझ्या कॉम्प्युटरमध्ये. महत्त्वाची फाईल दोन ठिकाणी ठेवावी, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. परीक्षेतही विचारतो. दोन मार्कांना.

नवमीच्या सकाळी नऊ वाजता माझ्या डोक्यात आलं, उद्या ऐन वेळी मशीन अडायला नको, आजच अपडेट मारून ठेवू. चांगलं चाललेलं मशीन! त्याचं काही दुखत-खुपत नव्हतं. पण आपल्याला खाज ना! अपडेट लावलं. थोड्या वेळानं काहीतरी लाल अक्षरात आलं. तसं ते दोन महिन्यांपासून अधूनमधून येतच होतं. न वाचता बंद केलं आणि झेंडू आणायला बाजारात गेलो. तिथे ओळखीचे भेटले, दोनदा चहा झाला.

अकरा वाजून गेल्यावर घरी येतो तर काय! मॉनिटरला हार. कॅबिनेटवर हळदकुंकवाची पाच बोटं. वरच्या जाळीवर अक्षता, त्यातल्या काही आत पडलेल्या. आणि भिंतीवरचं बटण बंद. समोर मोठी आई हात जोडून बसलेली.

म्हणाली, "यालेबी आज सुट्टी. यातच तं हायत ते."

अपडेट चालू असताना वीज तोडायची नसते, हे शाळेतलं पोरगंही सांगेल. बटण लावलं. काळा पडदा, त्यावर पांढऱ्या अक्षरांची रांग, आणि शेवटी 'कर्नल पॅनिक'. म्हणजे लिनक्सच्या गाभ्यानंच हात टेकले. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. पाच वेळा तेच. मोठी आई विचारत होती, काय झालं रे, काय झालं. आणि मी, लिनक्स सर, तिच्याकडे वळून काय बोललो माहीत आहे?

"मोठेबाबा पोळ्याआधी एकदा गेले होते. आज तू त्यायले दुसऱ्यांदा मारलं."

तिनं पूजेचं ताट उचललं, बोटाला लागलेलं कुंकू पदराला पुसलं आणि निघून गेली. बायको दारातून माझ्याकडे बघत होती. तिनं आत जाऊन दार लावून घेतलं, आणि बरोबर केलं.

मग माझी डॉक्टरकी सुरू झाली. कॅबिनेट उघडलं, अक्षता वेचल्या. अकरा निघाल्या. वाटलं, यांनीच शॉर्ट झालं असेल! बायकोचा केस वाळवायचा पंखा आत फिरवला, रॅम काढून पुसली, पुन्हा बसवली. काही नाही. शेवटी पेन ड्राइव्ह लावून लिनक्स नव्यानं टाकायला बसलो. त्यानं विचारलं, सगळी डिस्क पुसून टाकू का? घामानं डोळे चुरचुरत होते, मी काय वाचतोय तेही कळेना. बाण 'हो'वर गेला होता.

आणि साकोलीहून प्रवीणचा, माझ्या मित्राचा, फोन आला. त्याचं तिथे कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दसऱ्याला तिकडे येणार का, एवढंच विचारायला त्यानं केला होता. मी रडत-रडत सगळं सांगितलं.

प्रवीण म्हणाला, "माउसवरून हात काढ आधी. काढला? आता पेन ड्राइव्ह काढ. मशीन चालू कर आन् शिफ्ट दाबून ठेव."

दाबून ठेवलं. एक यादी आली. सर्वात वर नवा कर्नल, त्याच्या खाली जुने. लिनक्स जुना कर्नल लगेच फेकत नाही, सांभाळून ठेवतो. ही यादी एरवी आपोआप दिसू शकते, पण सुरू होताना उगाच मधात येते म्हणून मीच ती लपवली होती. जुना निवडला. अर्ध्या मिनिटात मशीन उघडलं. मोठेबाबांच्या सगळ्या फाइली जागच्या जागी.

मी खुर्चीतच बसून राहिलो. प्रवीण म्हणाला, आता अपडेटची नोंद उघडून वाच. वाचली. नऊ वाजून दहा मिनिटांनी अपडेट अर्धवट थांबलं होतं. कारण, जागा संपली. जुने-जुने कर्नल मी कधी साफच केले नव्हते. ती लाल अक्षरं दोन महिने तेच ओरडून सांगत होती.

"मोठी आईनं बटन कधी बंद केलं?" प्रवीणनं विचारलं.

अकराला. नोंदीतली शेवटची ओळ तेव्हाचीच होती.

"मंग ते बटन बंद कराच्या आधीच बिघडलं होतं नं बे. तू बिघडवलं."

फोन ठेवला. मग आधी कॅबिनेट, मग मॉनिटर, मग वायरी, असं एकेक उचलून मागच्या गल्लीत तिच्या घरी तीन चकरा मारल्या. मोठी आई मागाला टेकून बसली होती. जेवणाचं ताट तसंच झाकलेलं. मी तिचे पाय धरले. म्हटलं, "तुयी काही चूक नव्हती. सगळं माह्याच हातानं झालं. मले माफ कर."

तिनं मॉनिटरकडे पाहिलं. हार अजून लटकत होता. मग म्हणाली, "चालू हाय?"

"हाय. पण आज सुट्टी ना त्याले?"

"सुट्टी मशीनले. त्यायले नाही. लाव."

कोणता काठ लावू, विचारलं. तर म्हणे काठ नको, सातव्या फाईलचा शेवट लाव, मी रोज तोच ऐकतो. शेवटी काय आहे ते मी पार विसरलो होतो. लावला.

मोठेबाबांचा आवाज आला, खणखणीत: "विलास्या, गध्या, मी सांगून राहिलो नं! मधात मधात बटनं नको दाबू. याले येत काही नाही, बोट मात्र थांबत नाही!" आणि त्यामागे दोघांचं हसणं. त्यांचं, आणि त्या दिवशी त्यांच्या बाजूला बसलेल्या मोठी आईचं.

मोठी आईनं तो तुकडा तीनदा लावायला सांगितला, आणि मग ताटावरचं झाकण काढलं.

दसऱ्याला गिणती लागली, धोटा पडला, सगळं रीतसर झालं. आणि आता मी शहाणा झालोय. ती रेकॉर्डिंग एकाच ठिकाणी ठेवत नाही. दोन पेन ड्राइव्ह, प्रवीणची हार्ड डिस्क आणि शाळेतलं मशीन. मी गधा असल्याचा पुरावा चार ठिकाणी सुरक्षित आहे.