मुठीवरचे दात

माझं नाव टेनिसवाल्यांनाही आठवायचं नाही. जागतिक क्रमवारीत मी होते, पण यादी खाली सरकवून सरकवून बोट दुखल्यावर सापडेन अशा जागी. त्यासाठी तेरा वर्षं देशोदेशीची स्वस्त हॉटेलं पाहिली. गेल्या हिवाळ्यात महिलांची स्पर्धा सोलापुरातच भरली, तेव्हा ठरवून टाकलं: अंतिम फेरी गाठली तर आणखी वर्षभर खेळायचं, नाही तर एका शाळेत खेळाच्या बाईंची नोकरी तयारच होती.

अप्पा, म्हणजे माझे वडील, जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. भवानी पेठेतल्या एका कारखान्यात ते यंत्रमाग दुरुस्त करायचे. खडखडाटानं कान गेलेले. तरी माझ्या रॅकेटच्या तारा तेच ताणायचे, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचे नाहीत. ताण बरोबर बसलाय का, हे बघायची त्यांची स्वतःची रीत होती. रॅकेटची मूठ दातात धरायची, डोळे मिटायचे आणि तारांवर बोट मारायचं. आवाज दातातून थेट कवटीत जातो म्हणे. "कान गेलं तर गेलं, हाडं हायती की," म्हणायचे. मुठीवरचे ठसे बघून परदेशातल्या मुली विचारायच्या, तुमच्या घरी कुत्रं आहे का? मी हो म्हणायचे.

त्यांनी ताणलेली एकच रॅकेट उरली होती. न खेळलेली, तेव्हापासून घरी कपाटावर पडून. स्पर्धेच्या आदल्या दिवशी मी तिच्या मुठीवर नवी पांढरी ग्रिप गुंडाळली, पण न्यायचा धीर झाला नाही. पहिली मॅच जिंकून घरी आले, तर त्या कोऱ्या ग्रिपवर दातांचे ठसे. खालच्या ओळीत मधल्या एका दाताची जागा रिकामी. अप्पांचा तोच दात मागावरून उडालेल्या धोट्यानं पाडला होता.

ग्रिप बदलली. दुसऱ्या दिवशीही जिंकले, आणि नव्या ग्रिपवर पुन्हा ठसे. आता खरं सांगते, भीतीपेक्षा मला हाव सुटली. तिसऱ्या दिवशी मुद्दाम कोरी ग्रिप गुंडाळून रॅकेट खाली गादीवर ठेवून गेले, नैवेद्य ठेवावा तशी. आईला यातलं काही बोलले नाही. अप्पा गेले तेव्हा ती रडली नव्हती. म्हटलं, उगाच खपली कशाला काढा. तिसरी मॅचही जिंकले.

उपांत्य सामना दुपारी होता. सकाळचा सराव लवकर आटपून घरी आले, तर आई भिंतीला टेकून जमिनीवर बसलेली. रॅकेटची मूठ तिच्या दातात, डोळे मिटलेले, बोट तारांवर. मी आल्याचं तिला कळलं नाही. तिचीही उमर मागांच्या आवाजात गेली, तीही कमीच ऐकते. तिचाही खालचा एक दात पडलाय, हे मला ठाऊकच नव्हतं. आई तोंडावर पदर धरून हसते, आणि तेरा वर्षं मी घरी पाहुणीसारखी यायचे. फार लाज वाटली.

खांद्याला हात लावला तेव्हा तिनं मूठ सोडली.

"रोज ऐकतेस?" मी मोठ्यानं विचारलं.

"व्हय. तार सैल पडायलीय. आवाज रोज खाली खाली चाललाय." मग रॅकेट माझ्या हातात दिली. "आज हिनंच खेळ."

मी खेळले. सैल तारांमुळे चेंडू भलताच उडायचा, समोरचीला अंदाजच येईना. पहिला सेट मी घेतला, दुसरा तिनं. तिसऱ्यात मी चार-दोननं पुढे होते. पुढच्या गेमआधी पाहिलं, तर मधली एक तार घासून केसाएवढी उरलेली. आणखी चार फटके, की तुटणार. अंतिम फेरी दोन गेमवर होती, पण डोळ्यांसमोर जमिनीवर बसलेली आई आली. मी ती रॅकेट जपून पिशवीत ठेवली आणि माझी नेहमीची काढली. हाताचा अंदाज बिघडला तो बिघडलाच. पुढचे चारही गेम गेले.

घरी येताना रडले. पण आईसाठी काहीतरी वाचवलं, असा तोराही मनात होता. तिच्या हातात रॅकेट दिली.

तिनं तारांवरून हात फिरवला. "तुटली न्हाय?"

"नाही. तुझ्यासाठी जपून आणली."

आईचा चेहरा एकदम उतरला. "आगं, तुटावी म्हून तर दिलती. आट म्हैनं झालं, रोज बोलवत्यात ह्यातनं. जायाचं न्हाय म्हनलं तरी हात जातोय."

"काय म्हणतात?"

"ये म्हनत्यात."

मी पळत जाऊन कात्री आणली.

"काप," ती म्हणाली. "लवकर काप." आणि बोलता बोलताच तिनं मूठ दातात धरली, डोळे मिटले. मी कात्रीचं पातं तारेखाली घातलं, तर तिनं एका हातानं माझं मनगट घट्ट धरलं. दुसरा हात तारांवर होता.