चालती घेतली, चालती देणार

गाडीत बसण्याआधी आबा चपला काढायचे. गाडी म्हणजे आमच्या करंजाड्याच्या सोसायटीत पार्किंगच्या दोन जागा अडवून बसलेली जुनी अमेरिकन इंपाला. स्टिअरिंग डावीकडे, रंग कधीकाळी निळा. कित्येक वर्षं ती जागची हलली नव्हती. तरी रोज संध्याकाळी आबा खांबाशी चपला ठेवून अनवाणी आत बसत आणि समोरच्या भिंतीकडे असे बघत, की तुम्हालाही वाटलं असतं, पुढे रस्ता आहे.

"तुमची का हो?" असं कुणी विचारलं की उत्तर ठरलेलं. "माझी नाय. आता माझ्याकडं हाय, एवढंच."

मग मालकांची वंशावळ सुरू. पहिला मुंबईच्या वकिलातीतला गोरा साहेब. त्याच्याकडून पारशी डॉक्टरने घेतली. तो म्हणे पावसाळाभर तिला बाहेरच काढत नसे. मग पनवेलचा तांदळाचा व्यापारी. त्याने मागच्या सीटवरून पोती नेली, हे सांगताना आबांना अजून राग यायचा. चौथा बँडवाला. त्याने गावोगावचे नवरदेव तिच्यातून मिरवले, आबांसकट. आबा उरणच्या कोळीवाड्यातले, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारे. बँडवाल्याच्या गाडीचं इंजिनही तेच बघत. म्हातारपणी तो स्वतः गाडी चालवत त्यांच्या दारात आला आणि चावी देताना एकच अट घातली: चालती देतोय, पुढच्याला चालतीच दे.

आणि ती बंद पडली नेमकी आबांकडे. "चार मालक झाले, कोणाकडं बसली नाय. माझ्याकडं बसली," ते म्हणत. तेव्हा त्यांच्याकडे बघवत नसे.

दर रविवारी ते इंजिन खोलून बसत. एकदा म्हणाले, "झाली. फक्त स्टार्टर मेलाय. धा जणांनी धक्का मारा, चालू व्हते का नाय बघा." पण कुणाची मॅच होती, कुणाची कंबर दुखत होती. भंगारात जाणारी गाडी कोण ढकलणार?

शेवटी सोसायटीने नोटीस लावली: गाडी हटवा, नाहीतर क्रेन बोलावू. क्रेन आली, पण गेटच्या कमानीखालून आत शिरेना. सेक्रेटरीने बाह्या सरसावल्या. "चला, गेटपर्यंत आपणच ढकलू."

अख्खी कमिटी आणि आम्ही बाकीचे गाडीला मागून भिडलो. आबांनी शांतपणे चपला काढल्या. त्यांची लेक, पनवेलला नर्स आहे ती, शेजारी बसली.

"जोरात ढकला," आबा म्हणाले.

गेटकडे उतार आहे. निम्म्या उतारावर गाडीने आचका दिला, आमच्या तोंडावर काळा धूर सोडला आणि सुरू झाली. हॉर्न वाजवत, क्रेनच्या शेजारून, थेट पळस्प्याच्या दिशेने. आम्ही काळ्या तोंडांनी टाळ्या वाजवत राहिलो, सेक्रेटरी सगळ्यांत जोरात. मग तो खांबाशी राहिलेल्या चपलांपाशी जाऊन उभा राहिला, कुणी लाथाडू नये म्हणून.

तासाभराने आबा परतले. "नोटीस लावलीत ते बरं झालं. नायतर एवढी माणसं मी कुठून आणली असती?" आणि चावी लेकीच्या हातात ठेवली. "घे. चालती हाय."

गेल्या वर्षी आबा गेले. फार आठवण येते त्यांची.

लेकीने नवा स्टार्टर बसवला आहे. तरी रविवारी ती खांबाशी चपला काढताना दिसली, की सेक्रेटरी खाली उतरतो आणि त्याच्यामागून आम्ही सगळे.

"काका, आता धक्का नको," ती हसते.

"माहीत आहे गं," म्हणत तो डिकीला हात लावतो. आम्हीही लावतो.