आप्पा, बिबट्या आणि माझी बादली

फोन आला तेव्हा मी पाटसच्या स्टँडवर होतो. धाकटा भाऊ बोलत होता, पण त्याचं वाक्य पुरं होईना. "आप्पा... घास कापताना..." एवढंच कळलं. मांडवगणला पोचलो तोवर सगळं आटोपलं होतं. बिबट्यानं मानेलाच धरलं होतं. आप्पा माझे सख्खे चुलते. आता दीड महिना होईल.

आप्पा पक्के खाणारे. जत्रेचा बोकड दरवर्षी तेच निवडायचे आणि त्याआधी अर्धा तास नुसते त्याच्यासमोर उभे राहायचे. एकदा मी चिडवलं, आप्पा, सोयरीक जमवताय काय? ते हसले नाहीत. "ज्याला खायाचं त्याच्या डोळ्यांत एकदा बघावं," म्हणाले. "मग खावं वाटलं तर खावं." माझ्या पोल्ट्रीतली कोंबडी मात्र त्यांनी कधी तोंडात घातली नाही. सहा आठवड्यांत जे वजनकाट्यावर चढतं त्याला जगलं म्हणायचं का, हा त्यांचा सवाल. मला राग यायचा. तुमचा बोकड मरताना कमी ओरडतो का, असं मी तोंडावर विचारलं होतं. ते म्हणाले, नाही, तेवढाच ओरडतो. आणि पानातलं मटण खात राहिले. असा माणूस.

कारखाना सुरू होऊन ऊस तुटायला लागला की आमच्याकडं बिबटे उघड्यावर येतात. त्याला आम्ही वाघच म्हणतो. आप्पा सगळ्यांना सांगायचे की वाघ माणूस ओळखत नाही, उंची बघतो. जे बुटकं, एकटं आणि गप, ते त्याचं. म्हणून त्यांच्या रानात एक जण बसून जनावरांसाठी घास कापायचा आणि दुसऱ्यानं काठी घेऊन उभ्यानं बोलत राहायचं. उभं राहायचं काम काकीचं. हिला गप बसता येत नाही म्हणून मी जिवंत आहे, असं ते पाहुण्यांना सांगायचे. त्या दिवशी काकी डोळे दाखवायला शिरूरला गेली होती. शेरडं ओरडायला लागली, म्हणून आप्पा एकटेच विळा घेऊन बसले.

इथवरचं गावाला माहीत आहे. पुढचं मला माहीत होतं.

पोल्ट्रीच्या शेडमध्ये रोज दोन-चार पक्षी मरतात. ते खड्ड्यात पुरून वर चुना टाकायचा असतो. खड्डा आप्पांनीच मला जागा दाखवून खणायला लावला होता. मी मात्र रोज दिवस मावळायच्या आधी बादली त्यांच्या बांधावर, उसाच्या कडेला रिकामी करायचो. कुत्री खातात, अशी मनाची समजूत घातली होती. एकदा तिथं चिखलात पंजा उमटलेला दिसला. मोठा होता, कुत्र्याचा नव्हता. मी तो चपलेनं पुसला... का पुसला, ते मला आजही नीट सांगता येत नाही. मग गाडी येऊन कोंबड्यांची अख्खी बॅच उचलून गेली. आठ दिवस शेड रिकामं आणि बांधावर काही नाही. वाघ मात्र आपल्या वेळेला यायचा तसाच आला असणार. आणि बांधालगत आप्पा बसलेले होते.

तिसऱ्या दिवशी तो वनखात्यानं लावलेल्या पिंजऱ्यात सापडला. सगळं गाव जमलं, गोळी घाला म्हणून ओरडू लागलं. सगळ्यांत मोठा आवाज माझा होता, हे लिहिताना लाज वाटते. काकी आली, जाळीजवळ उभी राहिली, त्याच्याकडं बराच वेळ बघत राहिली आणि घरी गेली.

तेरावा झाल्यावर मी काकीच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि पंजा पुसल्यासकट सगळं सांगितलं. ती शेरडांसाठी घास निवडत होती. हात थांबले नाहीत.

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "त्यास्नीबी ठावं हुतं. पिसं बघितली हुती त्यांनी. म्हणायचे, पोरगं हाय, समजंल आपलं आपण."

मला रडू आलं. तिनं रडू दिलं. मग वर बघून तिनं विचारलं, "वाघाला भूक हुती. तुला काय हुतं रं?"

मी खोटं बोललो नाही. खड्डा शंभर पावलं लांब पडत होता, काकी, असं म्हणालो.