आठ बोटांचा कारभार

बँडमधल्या पोरांनी त्याला 'वादळ' म्हणायला सुरुवात केली तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आता चोपन्नाव्या वर्षीही तेच नाव चिकटून आहे. दिसायला म्हणाल तर काडीपैलवान. पण इलेक्ट्रिक गिटार गळ्यात अडकवून तार छेडायची ती नखाएवढी चकती चिमटीत धरली, की गडी असा सुटायचा की बाकीच्यांची धावपळ व्हायची. लग्नं, हॉटेलं, कंपन्यांचे वार्षिक समारंभ, कुठेही गेला तरी शेवटच्या गाण्याला लोक खुर्च्या सोडून उभे राहायचे. गिटार म्हणजे उजवं मनगट, बाकी सगळी सजावट, असं त्याचं ठाम मत होतं.

दोन वर्षांपूर्वी कार्यक्रमाच्या गाडीचा सरकता दरवाजा त्याच्या उजव्या अंगठ्यावर बसला. डॉक्टरांनी अंगठा वाचवला, पण सांधा कायमचा जाम झाला. चकती धरली की दोन सुरांत निसटून खाली. नुसत्या बोटांनी छेडून पाहिलं, तर वादळाची पार झुळूक झाली. लोकांनी कीव करायच्या आत त्याने बँड सोडला आणि वाद्यांच्या एका दुकानात कामाला लागला. तारा विकायच्या, दुसऱ्यांच्या गिटारी जुळवून द्यायच्या. स्वतःची गिटारही त्याने तिथेच भिंतीवर विकायला टांगली होती, कारण घरात ती दिसली की त्याला घास गिळवत नसे.

घरात दोघंच, तो आणि त्याची थोरली बहीण. ताईने पस्तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवला. अर्ध्या शहरातले कारकून तिच्या फूटपट्टीखालून गेलेले. तो तिच्या कामाला 'टकटक' म्हणायचा, ती त्याच्या कामाला 'खणखणाट', आणि तो सरावाला बसला की ती दार लावून घ्यायची. क्लास बंद पडल्यापासून तिलाही वेळ खायला उठायचा. दुपारी भावाचा डबा घेऊन दुकानात जाणं, एवढीच तिची नोकरी उरली होती.

एका गुरुवारी ती डबा घेऊन पोहोचली तेव्हा दुकानात एक पंचविशीची मुलगी आलेली होती. रक्त तपासायच्या लॅबमधली. ओळखपत्र अजून गळ्यातच होतं. तिने बोट दाखवलं ते नेमकं वादळाच्या गिटारकडे. त्याने ती काढून दिली. मुलीने केसांचा रबर सोडवला आणि गिटारच्या मानेवर चढवून घट्ट बसवला.

"हे काय? तिची वेणी घालतेस?" वादळ म्हणाला.

"मोकळ्या तारा उगाच वाजू नयेत म्हणून, काका. टॅपिंगला लागतं."

मग तिने दोन्ही हात गिटारच्या मानेवरच ठेवले. छेडणं नाहीच. डाव्या हाताची बोटं खालचे सूर दाबत होती, उजव्या हाताची वरचे, आणि दाबलं तिथे सूर उमटत होता. वादळाने नाक मुरडलं. "हे वाजवणं नव्हे. हे टायपिंग झालं!"

ताईने डबा काउंटरवर ठेवला. आयुष्यभराची सवय, ती थोडीच गप्प बसू देते. "मान वर!" ती एकदम कडाडली. "हाताकडे बघायचं नाही!"

मुलगी दचकली. पण ताईच्या आवाजाने भलेभले सरळ बसायचे, तिथे तिचं काय. तिने हनुवटी उचलली, डोळे मिटले, आणि अडखळणारे सूर एका ओळीत चालू लागले. एकाच गिटारमधून दोन माणसं बोलत होती. एक सावकाश, दुसरं त्याचं संपायच्या आत. वादळाला ते आवडलं. आवडलं म्हणून त्याला स्वतःचाच राग आला.

"ही मी घेणार," मुलगी म्हणाली. "पुढच्या आठवड्यात शनिवारी येते. तोवर तारा जरा खाली, मानेच्या जवळ बसवून ठेवाल? हलक्या दाबानेही सूर यायला हवा. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नका हं."

"शब्द दिला," वादळ म्हणाला.

जेवताना ताईने विषय काढलाच. "त्या मुलीचा उजवा अंगठा कुठे होता, पाहिलंस?"

"अंगठ्याचं काय?"

"बाजूला. रिकामा. टायपिंगमध्येसुद्धा अंगठ्याला दोन शब्दांमधल्या जागेपुरतंच काम. बाकी सगळा कारभार आठ बोटांचा. तुझी आठही धडधाकट आहेत."

"ताई, तीस वर्षं मी स्टेज गाजवलंय. आता म्हातारपणी टकटक करू?"

"नको करूस. बस हातावर हात ठेवून." आणि मग भिंतीला सांगितल्यासारखं, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही!"

शुक्रवारी त्याने तारा मानेच्या जवळ आणल्या. कुठे खरखर होत नाही ना, हे बघायला मानेवरची एकेक जागा दाबावी लागते. त्याने डाव्या बोटाने जरा जोरात दाबलं, तर न छेडताच सूर आला. पुन्हा दाबलं, पुन्हा आला. इकडेतिकडे कुणी नाही असं बघून उजवं बोट वरच्या जागेवर आपटलं. डास गुणगुणल्यासारखा आवाज आला. दुसरं बोट लटपटलं, तिसरं हललंच नाही. पण जेवणाची सुट्टी कधी संपली ते त्याला कळलं नाही.

संध्याकाळी "काम राहिलंय" अशी मालकाला थाप मारून तो गिटार घरी घेऊन आला आणि ताईच्या खोलीच्या दारात उभा राहिला. भीती वाटत होती त्याला. आजवर दोष अंगठ्यावर ढकलता येत होता; हेही जमलं नाही तर दोष द्यायलासुद्धा कुणी उरणार नव्हतं.

"शिकवतेस?" तो म्हणाला.

ताईने 'सांगितलं नव्हतं का' म्हटलं नाही. तिने टेबलक्लॉथ ओढून घेतला, गिटारवर आणि त्याच्या हातांवर टाकला, आणि फूटपट्टी शोधायला लागली.

रोज सकाळी, दुकान उघडायच्या आधी दोन तास. एक, दोन, तीन, चार. परत चार, तीन, दोन, एक. "जोर नको, सारखा दाब हवा. तुझी सगळी हयात जोरातच गेली!" ताई टेबलाच्या कडेवर पट्टी आपटायची. "चुकलास तरी थांबायचं नाही. थांबणारा कधी शिकत नाही." उजव्या बोटांना नवशिक्यासारखे फोड आले. सहाव्या दिवशी डाव्या हाताने दोन सूर धरले, त्यांच्यावर उजव्याचे चार बसले, आणि जेमतेम एका श्वासापुरते दोन्ही हात वेगवेगळं बोलले. पट्टी थांबली. ताईने चष्मा काढून पदराने पुसला.

"हे ऐकायला बरं वाटतं रे," ती म्हणाली.

शनिवार उजाडला तेव्हा वादळाला तो नकोसा झाला होता. दिलेला शब्द त्याने जन्मात फिरवला नव्हता. त्याने गिटार पुसली, पेटीत ठेवली, दुकानात नेली. मुलगी आली, पर्स उघडत म्हणाली, "बसल्या ना तारा नीट? जरा वाजवून दाखवा ना, काका."

त्याने पेटी उघडली, अँप्लिफायरची वायर जोडली आणि दोन्ही हात गिटारच्या मानेवर ठेवले. आठच ओळींचा तुकडा. दोन चुका झाल्या, त्यातली एक चांगली दणदणीत. तो थांबला नाही. मालक हिशोब सोडून बघत राहिला. मुलीचा हात पर्समध्येच राहिला.

"बाळ," वादळ म्हणाला. "शब्द दिला होता मी तुला. पण ही नाही देता येणार."

शब्द मोडल्याची त्याला लाज वाटायला हवी होती. खरं सांगायचं तर, वाटला तो निव्वळ आनंद, अगदी निलाजरा.

"कधीपासून करताय हे?" मुलीने विचारलं.

"गेल्या शुक्रवारपासून."

ती इतकी मोठ्याने हसली की तिच्या गळ्यातलं ओळखपत्र हललं. मग तिने भिंतीवरच्या लाल गिटारकडे बोट केलं. "ती काढा. आणि तुम्ही बसा इथे समोर. मी सुरू करते, तुम्ही मागून या."

दोघांनी सुरुवात केली. तिसऱ्याच ओळीत ती पुढे निघून गेली. तो मागे पडला, जिथे ओळ सापडली तिथून त्याने ती पुन्हा धरली, पुन्हा मागे पडला. तारा घ्यायला आलेलं एक गिऱ्हाईक काउंटरपाशी ताटकळत होतं. मालकाने त्याला हाताने खूण केली, थांबा जरा, आमचा माणूस वाजवतोय.