कुणी उठा म्हटलं तरी

साहेबांनी दंड धरून मला पुलावरच्या बाकावरून ओढलं, तेव्हा मी त्यांच्या हाताला कडकडून चावले. पुलाखाली पाणी वाढलं होतं. नाल्याला पाणी दरवर्षी येई, त्याचं आम्हाला नवल नव्हतं. "उठा, वरचा बंधारा फुटलाय," असं ते दुरूनच ओरडत आले होते. बाकांवर आम्ही दहाबारा बाया होतो. सगळ्या हसलो. गयाबाई म्हणाली, "साहेब, परीक्षा घेता व्हय आमची? नाय उठत, जावा!"

सोनवणे साहेब इंजिनियर. आमची वस्ती चिकलठाण्याच्या अलीकडं, मधे नाला, पलीकडं कारखाने. नाल्यावर पायी जाणाऱ्यांसाठी पूल करायचं काम त्यांच्याकडं आलं. पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं, "मावशी, पुलावर काय काय पाहिजे?"

मी म्हणाले, "बसायला जागा द्या. बाप्यांना पार हाय, हाटेल हाय. बायांनी घराबाहेर कुठं टेकायचं?"

दुसरा कुणी मान हलवून निघून गेला असता. हे तिथंच मातीत बसले आणि काडीनं रेघा ओढू लागले.

मग वस्तीतल्या मोकळ्या जागेत विटा मांडून त्यांनी अख्खा पूल आखला. आम्हाला बसवलं, उठवलं, चालवलं. "नावं आत्ताच ठेवा, सिमेंट ओतल्यावर मी ऐकणार नाही," हे त्यांचं पालुपद. एकदा तर स्वतःच डोक्यावर सरपणाचा भारा घेऊन विटांमधून चालले. गयाबाई ओरडली, "साहेब, पदर तेवढा राह्यला!" तेही हसले, पण दोन भारे शेजारून जातील एवढा रस्ता त्यांनी रुंद केला. गयाबाईचे गुडघे गेलेले, म्हणून बाक उंच केले. बाक समोरासमोर ठेवले, वर छप्पर घातलं.

पूल झाला आणि बाप्यांनी बाक बळकावले. आम्ही बसलो की म्हणायचे, "बायांनी रस्त्यावर काय मांडलंय? घरी चला." साहेब आले ते आमच्यावरच चिडले. "जागा तुम्ही मागितली ना? मग कुणी उठा म्हटलं तरी उठायचं नाही. मी म्हटलं तरी नाही." पुढं अधूनमधून येऊन "उठा" म्हणून बघायचे. आम्ही नाही म्हटलं की खूश व्हायचे. आम्ही नवऱ्यांच्या शिव्या खाल्ल्या, एकीनं मार खाल्ला, पण जागा सोडली नाही.

म्हणून बंधारा फुटला त्या दिवशी कुणी उठेना. साहेबांनी हात जोडले, आईबहिणीवरून शिव्या दिल्या. शेवटी मला फरफटत काठाकडं नेलं. माझं लुगडं टरकन फाटलं. साहेब पिसाळले असं समजून बाया मला सोडवायला चपला काढून मागं धावल्या. काठावर आम्ही त्यांना बडवत होतो. ते मार चुकवत नव्हते, एकेकीचं तोंड बघत होते.

"गयाबाई कुठंय?"

गयाबाई बाकाला धरून उठत होती. साहेब आमच्या हातातून सुटले आणि परत पुलावर धावले. त्यांनी तिला पाठीवर घेतलं, एवढं मी पाहिलं. तेवढ्यात वरून पाण्याचा लोंढा आला. त्यातली झाडं आणि पत्रे मधल्या खांबाला अडले आणि छपरासकट पूल खाली बसला.

साहेब आणि गयाबाई दोघंही गेली. चपला हातात घेऊन काठावर उभ्या होतो त्या आम्ही सगळ्या वाचलो.